जुनी सायकल, नवा चिमटा

वडखळ मागे टाकून गोव्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात गडब येतं. एका बाजूला डोंगराची रांग, दुसऱ्या बाजूला खारेपाटाची सपाट शेती, आंबा नदीची खाडी आणि डोलवीचा पोलाद कारखाना. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ होता, आता ६६ आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं गेलं आणि पुढे वर्षानुवर्षं रखडलं. त्या काळात इथले खड्डे साऱ्या महाराष्ट्राच्या बोलण्यात आले. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे वरून कळत नाही, जड वाहनांनी उडवलेली खडी कडेला साचते आणि खाडीवरून येणारी खारट ओल हवेत असते. जुन्या रोड बाइकला कार्बनचा पुढचा चिमटा (फोर्क) बसवावा का, हा प्रश्न दुकानाच्या काचेआड विचारला तर त्याचं उत्तर एक येतं. याच रस्त्यावर उभं राहून विचारला तर वेगळं येतं. मला दुसरं उत्तर महत्त्वाचं वाटतं.

हा प्रश्न आता पुष्कळांना पडतो. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्याच सुमारास २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, महाराष्ट्रात रुळल्या. त्या काळात हौसेने घेतलेल्या रोड बाइक आता दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. काहींच्या घरात त्याहून जुनी, स्टीलच्या बारीक नळ्यांची शर्यतीची सायकल आहे. फ्रेम धडधाकट असते, नवी सायकल घ्यायला लाखाच्या घरात पैसे लागतात. मग सुधारणा म्हणून पहिलं नाव निघतं ते कार्बनच्या चिमट्याचं: वजन कमी होईल, हाताला बसणारे हादरे कमी होतील आणि सायकल नव्यासारखी दिसेल. तिसरी गोष्ट खरी आहे. पहिल्या दोन तपासून पाहायला हव्यात, कारण चिमटा हा सायकलला जोडलेला सुटा दागिना नव्हे. सायकल कशी वळेल, कशी थांबेल आणि पुढच्या चाकात किती रुंद टायर मावेल, हे सगळं तोच ठरवतो. म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या सायकलला चिमटा निवडताना त्याचा पदार्थ शेवटी पाहावा. आधी मापं पाहावीत, आणि मापांच्याही आधी टायर.

वजनापासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. स्टीलचा जुना रोड चिमटा साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरतो, कार्बनचा ३५० ते ५५०. म्हणजे बचत अंदाजे ३०० ते ४०० ग्रॅमची. माणूस, सायकल, पाणी, पंप आणि हत्यारं मिळून ८० किलो धरले तर ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. चढणीवर वजनाचा परिणाम सर्वांत जास्त होतो. तिथेही २० मिनिटांच्या चढाला या अर्ध्या टक्क्याने फार तर ६ सेकंद वाचतील. आणि गडबच्या आसपास तेवढा चढच नाही. पेणपासून नागोठण्यापर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे. त्यापुढे सुकेळीची खिंड, अलिबागच्या वाटेवर कार्ले खिंड, पनवेलच्या बाजूला कर्नाळ्याची. सपाटीवर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः हवा कापण्यात आणि टायर लोळवण्यात जाते, तिथे ४०० ग्रॅम जाणवतही नाहीत. कोकणातल्या दमट उन्हात पाऊण लिटरची पाण्याची बाटली लागतेच, आणि भरलेली बाटली या बचतीच्या दुप्पट वजनाची असते. ब्रेव्हेसाठी म्हणून चिमटा बदलायचा तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि ६०० ला ४०. म्हणजे तासाला १५ किलोमीटरची सरासरी. ती गाठताना लोकांची गाठ पडते पंक्चरशी, झोपेशी, पोटाशी आणि दुखऱ्या मनगटांशी. चिमट्याचं वजन त्यांच्या आड येत नाही.

मनगटं दुखतात म्हणूनच तर कार्बन हवा, असं यावर कुणी म्हणेल. हा आक्षेप वजनदार आहे, कारण कार्बनचा धागा आणि राळ मिळून होणारा पदार्थ बारीक थरथर खरोखर शोषतो. खडबडीत डांबरावर हाताला येणारी झिणझिण ताठ अॅल्युमिनियमच्या चिमट्यापेक्षा कार्बनच्या चिमट्यात कमी असते, हे मान्य करायला हवं. पण धक्का रस्त्यापासून हातापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते पाहा. आधी टायरमधली हवा दबते, मग रिम आणि तारा, मग चिमटा, मग हँडल, मग हँडलची पट्टी. या एकामागे एक लावलेल्या स्प्रिंगा आहेत, आणि अशा माळेत सर्वांत मऊ स्प्रिंग सर्वांत जास्त दबते. मऊ स्प्रिंग म्हणजे टायर. चिमटा जवळजवळ उभा असतो. त्याच्या पात्यांवर खालून येणारं बळ त्यांच्या लांबीच्या दिशेनेच येतं आणि त्या दिशेने कोणताही पदार्थ फारसा दबत नाही. तो वाकतो ते थोडंसं पुढे-मागे. बारीक, टोकाशी वळलेल्या स्टीलच्या पात्यांचा जुना चिमटा त्या दिशेने चांगला लवचीक असतो. बाजारातले बरेच कार्बन चिमटे मात्र शर्यतीसाठी, ब्रेक मारताना वाकू नयेत म्हणून मुद्दाम ताठ केलेले असतात. त्यामुळे चांगल्या स्टीलच्या चिमट्याऐवजी ताठ कार्बनचा चिमटा बसवला तर हादरे वाढणंही शक्य आहे. ‘कार्बन म्हणजे मऊ’ हे वाक्य चिमट्याची जाडी आणि आकार कळल्याशिवाय अर्थहीन आहे.

याउलट टायरचा परिणाम ठोस आहे. जुन्या रोड बाइकवर बहुधा २३ मिमी रुंदीचे टायर असतात आणि ते ८ बारपर्यंत फुगवायची सवय लागलेली असते. त्याच चाकावर २८ मिमीचा टायर ५ ते साडेपाच बार हवेवर चालवला तर रस्ता बदलल्यासारखा वाटतो. यात वेग कमी होत नाही. कडक टायर गुळगुळीत पृष्ठभागावर चांगला पळतो, पण खडबडीत रस्त्यावर तो सायकल आणि माणूस दोघांनाही उचलून आपटत राहतो, आणि त्या आपटण्यात पायाने दिलेली ताकद वाया जाते. अमेरिकेतल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाने महामार्गाच्या कडेला असतात तशा खडबडीत पट्ट्यांवर सायकली चालवून ही गळती मोजून दाखवली होती. व्यावसायिक शर्यतपटूही २३ वरून २५ आणि पुढे २८ मिमीवर गेले, आणि त्यांना आरामासाठी वेग सोडणं परवडत नाही. म्हणून गडबच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने हात दुखतात म्हणून पैसे खर्चायचे असतील तर पहिले पैसे चांगल्या, रुंद, मऊ कडांच्या टायरांवर घालावेत. चिमट्याच्या किमतीच्या काही अंशात ते येतात.

आता खरी मेख इथे आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. पुढच्या चाकात किती रुंद टायर मावेल हे चिमटाच ठरवतो. जुन्या फिरस्ती-शर्यती प्रकारच्या सायकलींचे स्टीलचे चिमटे लांब हातांच्या ब्रेकसाठी केलेले असत. ब्रेकच्या भोकापासून रिमपर्यंत ४७ ते ५७ मिमी अंतर, त्यामुळे टायरच्या वर मोकळी जागा आणि मडगार्डसाठी आसापाशी बारीक भोकं. रिम-ब्रेकचे बाजारात मिळणारे बहुतेक कार्बन चिमटे शर्यतीच्या आखूड ब्रेकसाठी आहेत, म्हणजे ३९ ते ४९ मिमी. त्यांत २५ मिमीचा टायर निवांत बसतो, २८ चा कधी बसतो, कधी माथ्याला घासतो. मडगार्डची भोकं बहुतेकांना नसतातच. म्हणजे आरामासाठी कार्बन आणला आणि त्यापायी रुंद टायरची जागा गेली, असा उलटा व्यवहार होतो. जून ते सप्टेंबर ज्या प्रदेशात पाणी वरून आणि खालून दोन्हीकडून येतं, तिथे मडगार्ड जाणं ही लहान बाब नाही. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट हँडलच्या खालच्या वाटीत जातो आणि पावसाळा संपेपर्यंत छर्रे तपकिरी होतात.

मापांचा दुसरा भाग सायकलच्या स्वभावाशी निगडित आहे. चाकाच्या आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंतची लांबी, आणि आस उभ्या नळीच्या (चिमट्याच्या माथ्यावरून हँडलकडे जाणाऱ्या नळीच्या) रेषेच्या किती पुढे आहे ते अंतर, ज्याला रेक म्हणतात, ही दोन मापं नळीच्या कलासह ‘ट्रेल’ ठरवतात. या उभ्या नळीची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकते, त्या बिंदूच्या किती मागे टायर टेकतो, ते अंतर म्हणजे ट्रेल. चहाच्या ट्रॉलीची चाकं आपोआप मागे वळून सरळ चालतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. ट्रेल जास्त असेल तर सायकल सरळ जायला बघते, कमी असेल तर चटकन वळते आणि चटकन डगमगतेही. एक उदाहरण घेऊ. ३८५ मिमी लांबीचा, ५० मिमी रेकचा चिमटा आणि ७३ अंशांचा हेड अँगल, म्हणजे उभ्या नळीचा जमिनीशी कोन, असेल तर ट्रेल सुमारे ५० मिमी येते. त्या जागी त्याच रेकचा पण ३७० मिमी लांबीचा कार्बन चिमटा बसवला तर पुढची बाजू १५ मिमी खाली जाते, नळी जवळपास एक अंशाने जास्त उभी होते आणि ट्रेल ४५ मिमीवर येते. पेडलचा खालचा बिंदूही सुमारे ६ मिमीने जमिनीजवळ जातो. रेक ४३ मिमीचा घेतला तर ट्रेल पुन्हा ५२ च्या आसपास येते, पण मग पुढचं चाक पायाच्या बोटांजवळ सरकतं. हे आकडे अपघात घडवतील असे मोठे नाहीत. तरी उतारावर, अंगावर येणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यात, हातात नेमका हाच फरक येतो. ‘रोड बाइकचा चिमटा आहे, बसेल’ एवढ्या आश्वासनावर तो घेऊ नये.

बसण्याचीही स्वतंत्र गोष्ट आहे. १९९० च्या आधीच्या बहुतेक रोड सायकलींची उभी नळी १ इंचाची आणि आट्यांची असते. हँडलचा दांडा तिच्या आत उतरवून वरून बोल्टने आवळतात. नंतर बिनआट्यांची पद्धत आली आणि नळी १⅛ इंचाची झाली, अलीकडे ती खाली आणखी रुंद होत जाणारी असते. कार्बनच्या नळीला आटे पाडता येत नाहीत. त्यामुळे १ इंची सायकलसाठी कार्बनच्या पात्यांचा, पण धातूच्या नळीचा चिमटा शोधावा लागतो, आणि तो आता दुर्मीळ आहे. त्याऐवजी बिनआट्यांचा घेतला की वाट्या आणि छर्ऱ्यांचा पूर्ण सेट बदला, हँडलचा दांडा बदला, नव्या दांड्याच्या तोंडात जुनं हँडल बसत नाही म्हणून हँडल बदला, ब्रेकचा नट वेगळ्या पद्धतीचा म्हणून ब्रेकचा बोल्ट किंवा ब्रेकच बदला. चाकं जुन्या २७ इंची मापाची असतील तर रिमचा व्यास आजच्या ७०० सी मापापेक्षा ८ मिमी मोठा, म्हणून ब्रेकचे रबर पुन्हा चुकीच्या जागी. एका वस्तूच्या मागे पाच वस्तू येतात, आणि शेवटी झालेला खर्च त्या सायकलच्या बाजारभावाहून जास्त निघतो. लुधियानाच्या बनावटीच्या काळ्या, दांडीब्रेकच्या सायकलला तर हा विचार लागूच होत नाही. तिची चाकं, चिमट्याचा लांब बाक आणि हँडलचा कल हे सगळं एका वेगळ्या, शहाण्या हिशेबाने बसवलेलं आहे.

कार्बन तकलादू असतो म्हणून तो नको, असंही काही जण म्हणतात. या बाजूला मी उभा नाही. बोइंग ७८७ विमानाच्या बांधणीत वजनाने सुमारे निम्मा भाग अशाच संमिश्र पदार्थांचा आहे. पुन्हापुन्हा ताण येऊन थकण्याच्या बाबतीत कार्बन अॅल्युमिनियमपेक्षा सरस आहे आणि चांगल्या कंपनीचा चिमटा हजारो हादऱ्यांच्या चाचण्यांतून गेलेला असतो. अडचण ताकदीची नाही, इशाऱ्याची आहे. स्टीलचा चिमटा खड्ड्यात आदळला की वाकतो. चाक मागे सरकलेलं, रंगाला सुरकुती आलेली दिसते आणि माणूस सायकलवरून उतरतो. कार्बन वाकून राहत नाही. तो पुन्हा सरळ होतो, पण आतले थर सुटलेले असू शकतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. चिमट्याचं काम असं आहे, की तिथे इशारा मिळणं फार मोलाचं असतं. जोरात पुढचा ब्रेक लावला की जवळजवळ सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागची फ्रेम तडकली तर माणूस डगमगत थांबतो. चिमटा तुटला तर तो तोंडावर पडतो, सावरायला हातही पुढे येत नाहीत.

एप्रिल २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिंकॅपी विजयाच्या दावेदारांत होता. दगडी रस्त्यावर चालत्या सायकलीत त्याच्या चिमट्याची उभी नळी तुटली आणि हँडल हातात येऊन तो कोसळला. ती नळी कार्बनची नव्हती, अॅल्युमिनियमची होती, आणि त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडलेला होता. म्हणून या घटनेवरून कार्बनला दोष देता येणार नाही. मला तिच्यातून दिसतं ते असं, की हलक्या चिमट्यात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे नजरेआड असलेली ही उभी नळी, आणि आधीचा आघात तिच्यात साठून राहतो. जगातल्या उत्तम मेकॅनिकांच्या देखरेखीखालच्या सायकलचं असं झालं, तर वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या आपल्या सायकलकडे आपण जास्त सावधपणे पाहायला हवं. यातूनच माझा एक ठाम निर्णय निघतो: वापरलेला कार्बन चिमटा, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये. त्याने किती खड्डे खाल्ले हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बिननावाच्या नकला तर नकोतच.

खाऱ्या हवेचा मुद्दा कार्बनच्या बाजूने मांडला जातो: स्टील गंजतं, कार्बन गंजत नाही. अर्धं खरं आहे. कार्बन स्वतः गंजत नाही, पण तो वीज वाहतो आणि खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियमला चिकटून राहिला की अॅल्युमिनियम झिजवतो. बॅटरीत घडतं तसंच. सुरुवातीच्या काळात अॅल्युमिनियमच्या सांध्यांत कार्बनच्या नळ्या चिकटवलेल्या फ्रेमचे जोड याच कारणाने सुटत. पुढे कारखानदार दोन्हींच्या मधे काचधाग्याचा थर घालू लागले आणि प्रश्न आटोक्यात आला. तरी कार्बनची पाती आणि अॅल्युमिनियमची नळी असा स्वस्त चिमटा खाडीकाठी वापरायचा असेल, तर हँडलवरून गळणारा घाम आणि पावसाचं पाणी त्या जोडापर्यंत पोचतंच. मिठागरांच्या या पट्ट्यात तो वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून पुसून पाहायला हवा. पांढरी भुकटी दिसली तर झीज सुरू झाली असं समजावं. स्टीलचा गंज निदान लाल दिसतो. पावसाळ्याआधी चिमटा काढून नळीच्या आत तेल फिरवलं, वाट्यांत भरपूर ग्रीस घातलं तर चांगलं स्टील या हवेतही पुष्कळ वर्षं टिकतं. थोडा वाकलेला स्टीलचा चिमटा जाणता कारागीर सरळ करू शकतो. तडकलेला मात्र वेल्डिंग करून वापरू नये.

मग कार्बन घ्यावा तरी कधी? काही सायकलींना तो खरोखर शोभतो. जुना चिमटा वाकलेला, तडकलेला किंवा आतून गंजलेला आहे. किंवा सायकलला अॅल्युमिनियमचा ताठ चिमटा किंवा साध्या जड स्टीलचा किलोभराचा चिमटा आहे. नळी १⅛ इंची, बिनआट्यांची आहे, म्हणजे निवडीला वाव आहे. आणि लांबी, रेक, ब्रेकचं अंतर, टायरची जागा ही चारही मापं जुळणारा नवा चिमटा नावाजलेल्या कंपनीकडून मिळतो आहे. अशा वेळी कार्बन घेणं हा चांगला निर्णय आहे, आणि पैसे देऊन हौस भागवायची तर त्यातही गैर काही नाही. फक्त बसवणाऱ्याला हे काम माहीत हवं. नळी बारीक दातांच्या पात्याने, कापडी पट्टी गुंडाळून कापायची. स्टीलच्या नळीत ठोकतात ती चांदणीसारखी नटपट्टी कार्बनच्या नळीत कधीही ठोकायची नाही, ती आतून धागे चिरते. तिथे फुगणारा प्लग वापरायचा. दांड्याखालच्या कड्या चिमट्याच्या कंपनीने सांगितलेल्या उंचीपेक्षा जास्त रचायच्या नाहीत, ती मर्यादा बहुधा ३० ते ४० मिमीची असते. बोल्ट हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क पान्ह्याने, दांड्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळायचे, बहुधा ५ न्यूटन-मीटर. सायकल जोरात आपटली तर त्या दिवशी बाहेरून काही दिसो वा न दिसो, चिमटा काढून पाहायचा.

दुकानात जाण्याआधी घरी अर्धा तास काढा. पुढचं चाक जागेवर असतानाच ब्रेकच्या भोकापासून रिमच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, टायर आणि माथ्यामधली जागा पाहा, मग चाक काढून आसाच्या खाचेपासून माथ्यापर्यंत मोजपट्टी लावा, नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि हे चार आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. चाक परत बसवून पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे-मागे हलवून पाहा. हँडलखाली टकटक लागली, तर बहुतेक वेळा दोष चिमट्याचा नसतो. वाट्या सैल झालेल्या असतात, आणि ते काम थोड्याशा ग्रीसचं आणि एका पान्ह्याचं आहे.